फुकट अंकाची वर्गणी : एका त्रैमासिकाच्या प्रकल्प नोंदी

२८ नोव्हेंबर २०२४

विश्वस्तांची बैठक. पाचजण हजर, एकजण फोनवर. विषय एकच होता. पुढच्या वर्षापासून आमच्या मराठी संशोधन त्रैमासिकाचा प्रत्येक अंक छापून येईल त्याच दिवशी नेटवर टाकायचा, पूर्ण आणि फुकट. लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. मी अर्धा तास बोललो. खजिनदारांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे मुक्तद्वार भोजन. चांगलंय. पण शिधा कोणाचा?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. शोधायला एक वर्ष मिळालंय. ही वही त्यासाठी.

सोमवारीच केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्या-संशोधकांना ती वाचता येतील. चांगलंच आहे, पैसे नसल्यामुळे हे लेख चोरवाटांनी वाचणारे मीही पाहिलेत. पण ही सोय संस्थेच्या दारापर्यंतच. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे निवृत्त शिक्षकाला, वकिलाला, कार्यकर्त्याला काही नाही. आणि पैसा वाचण्यासाठी जाणार, आपल्याकडे छापणाऱ्यांसाठी नाही. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. वर्षाला २,००० कोटी, म्हणजे मिनिटाला साधारण ३८ हजार रुपये. आमचा वर्षाचा सगळा खर्च ३ लाख ८० हजार. आमचं अख्खं वर्ष त्या योजनेच्या दहा मिनिटांत बसतं.

४ डिसेंबर

ताळेबंद घेऊन बसलो. खजिनदारांचं अक्षर सुंदर, पण आकडे आत कुठेतरी लपवून ठेवायची सवय.

खर्च असा: छपाई-बांधणी १ लाख ८४ हजार, टपाल-रॅपर ४१ हजार, जुळणी आणि मुद्रितशोधन ७६ हजार, कार्यालयात अर्धवेळ येणाऱ्या ताईंचं मानधन ६० हजार, लेखापरीक्षण आणि किरकोळ १९ हजार. संपादकांना, परीक्षकांना, लेखकांना शून्य.

जमा: वार्षिक वर्गणीदार २१३, प्रत्येकी ६०० रुपये. ग्रंथालयं ६४, प्रत्येकी हजार. ठेवीचं व्याज ९२ हजार. जाहिराती ३० हजार. सगळं मिळून ३ लाख १४ हजारांच्या आसपास. उरलेले ६६ हजार दरवर्षी कोणाच्या तरी खिशातून येतात. कोणाच्या, हे ताळेबंदात 'हितचिंतक' एवढंच लिहिलेलं असतं. मला दोन हितचिंतक माहीत आहेत. दोघेही गेल्या आठवड्यातल्या बैठकीत होते आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे.

शिवाय ३४० आजीव वर्गणीदार. १९८० आणि १९९० च्या दशकांत ५०० रुपये भरलेले. तेव्हा बँक बारा टक्के द्यायची, वर्षाला साठ रुपये सुटायचे आणि वार्षिक वर्गणी होती चाळीस. उत्तम हिशेब होता. आज त्या पाचशेचं व्याज एका अंकाच्या कागदालाही पुरत नाही. आजीव म्हणजे नक्की कोणाच्या जिवापर्यंत, याचा खुलासा घटनेत नाही.

एक गोष्ट मात्र आज पहिल्यांदा नीट दिसली. छपाई आणि टपाल वजा केलं, तर १ लाख ५५ हजार उरतात. लेख वाचण्याजोगा करायचा खर्च एवढाच. बाकीचे सव्वादोन लाख तो कागदावर चढवून घरी पोचवण्यात जातात.

२१ डिसेंबर

जुने बांधीव खंड आम्ही रजिस्टर्ड बुक पोस्टाने पाठवायचो. ही सेवा १८ तारखेपासून बंद. आता साधं पार्सल किंवा स्पीड पोस्ट. त्रैमासिकाला टपालात वृत्तपत्राची सवलत मुळातच नाही, त्यासाठी निदान मासिक असावं लागतं. खजिनदार म्हणाले, "तुमच्या नेटच्या बाजूने टपालखात्यानेच मत टाकलं."

९ जानेवारी २०२५

आमचं एक जुनं संकेतस्थळ होतं. २०१२ मध्ये एका उत्साही विद्यार्थ्याने केलेलं. डोमेन त्याच्याच नावावर, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. तो नोकरीला परगावी गेला, नूतनीकरणाची मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि डोमेन सुटलं. आज तो पत्ता उघडला तर रमीची जाहिरात. पत्त्यांच्या जोडीला आमच्या एका ज्येष्ठ लेखकाच्या प्रबंधाच्या तळटीपांमधले नऊ दुवे आता तिथे जातात.

म्हणून या वेळी पहिला खर्च: डोमेन ट्रस्टच्या नावावर, दहा वर्षांसाठी एकदम. पासवर्ड लिफाफ्यात, लिफाफा खजिनदारांच्या कपाटात.

सॉफ्टवेअर 'ओपन जर्नल सिस्टिम्स', म्हणजे ओजेएस. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं. हा प्रकल्प जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडात सुरू केला आणि ओजेएस २००१ मध्ये आलं. फुकट आहे, जगभर हजारो नियतकालिकं त्यावर चालतात. लेख स्वीकारणं, परीक्षकांकडे पाठवणं, दुरुस्त्या, अंक लावणं, सगळं एकाच ठिकाणी. सर्व्हरचे वर्षाला आठ हजार. फुकट सॉफ्टवेअर म्हणजे ते अद्ययावत करायला माणूस लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. सध्या तो माणूस म्हणजे मी आणि माझी भाची.

२ फेब्रुवारी

गेले दहा दिवस फॉन्टात गेले. सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या माणसाचा शाप कमी लागेल.

२००१ ते २०१४ चे अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले. पीडीएफ आहेत, पडद्यावर देखण्या दिसतात. पण त्यातला एक शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी. म्हणजे माणसाला मराठी दिसतं आणि यंत्राला काहीच दिसत नाही. गूगल स्कॉलरमध्ये असा लेख शोधून सापडणारच नाही. हा खुला लेख म्हणजे दार उघडं ठेवून घराला पाटी न लावण्यासारखा प्रकार.

परिवर्तकातून युनिकोड केलं, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरं. मग खरी गंमत. 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्या'. र्‍हस्व वेलांटी कधी आपलं अक्षर सोडून शेजाऱ्याकडे गेलेली. 'शास्त्रीय'चं 'शास्रीय'. 'ॲ' दोन प्रकारांनी लिहिलेला, डोळ्यांना सारखाच, पण शोधताना दोन वेगळे शब्द. तळटीपांचे वर चढवलेले छोटे आकडे खाली उतरून मजकुरात मिसळलेले. एका लेखात 'इ.स. १९३०' नंतरची चौथी टीप मिसळून 'इ.स. १९३०४' झालं होतं. हे मला रात्री साडेअकराला दिसलं, तेही योगायोगाने.

आमचे मुद्रितशोधक तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी एक पान घड्याळ लावून केलं: २३ मिनिटं. त्या चौदा वर्षांची पानं साडेपाच हजारांच्या वर. मी गुणाकार केला आणि वही मिटली.

ठरलं ते असं. नवे अंक सुरुवातीपासून युनिकोडात. जुन्यांचं फक्त शीर्षक, लेखक, सारांश आणि संदर्भ हाताने टंकायचे, मजकूर आहे तसा पीडीएफमध्ये. अर्धवट आहे, मान्य. पण निदान दाराला पाटी लागेल.

१३ फेब्रुवारी

या आठवड्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने 'केअर' यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, बंद केल्याची सूचना काढली. यादीऐवजी निकष सुचवलेत, निवड संस्थांनी आपली आपण करायची. ही यादी आपल्या पुण्यातच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सांभाळली जायची, म्हणून इकडे चर्चा जरा जास्तच.

सकाळपासून सात फोन. सहाजणांचा प्रश्न, "आता तुमचं काय?" आमचं काहीच नाही, लेख आधीही परीक्षकांकडे जात होता, आताही जातो. सातवा फोन एका प्राध्यापकांचा. पदोन्नतीची फाइल मार्चअखेर द्यायचीय, लेख पुढच्याच अंकात हवा, "आणि जे काही पाच-सात हजार असतील ते सांगा, संकोच करू नका." संकोच मलाच वाटला. मी म्हटलं, सर, आम्ही पैसे घेत नाही. पलीकडे दोन क्षण शांतता. मग ते म्हणाले, "मग तुमचा दर्जा कसा ठरतो?"

त्यांना दोष देत नाही. दहा वर्षं ज्यांना ज्यांना लेख छापायला सांगितलं गेलं, त्यांच्यापुढे पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांचाच बाजार होता.

६ मार्च

बैठक. विषय: लेखकांकडून थोडे पैसे घ्यायचे का? एका विश्वस्तांचं म्हणणं, वर्षाला पस्तीस लेख येतात, प्रत्येकी दोन हजार घेतले तर सत्तर हजार, म्हणजे खड्डा भरला.

हिशेब चुकीचा नाही. जगातले बडे प्रकाशक याच वाटेने गेले. २०१८ मध्ये युरोपातल्या निधी देणाऱ्या संस्थांनी 'प्लॅन एस' जाहीर केला, की आमच्या पैशातून झालेलं संशोधन लगेच खुलं असलं पाहिजे. प्रकाशकांनी ते मानलं आणि बिल वाचकाकडून काढून लेखकाच्या हातात ठेवलं. 'नेचर'ने २०२१ पासून एका लेखाला ९,५०० युरो लावले. तेव्हाच्या भावाने साडेआठ लाख रुपये. त्या एका लेखात आमची दोन वर्षं निघतात, वर सगळ्यांना चहा. आता गेट्स फाउंडेशननेही या जानेवारीपासून असं शुल्क भरणं थांबवलंय.

पण माझा विरोध मोठ्या आकड्याला नाही, दोन हजारांनाही आहे. आमचे निम्मे लेखक संशोधक विद्यार्थी, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि कोणत्याच संस्थेत नसलेले लोक. गेल्या वर्षीचा सगळ्यात चांगला लेख एका एसटी कंडक्टरचा होता, आपल्या तालुक्यातल्या जत्रांच्या मानपानावरचा. त्याच्याकडे दोन हजार मागितले असते तर त्याने दिले असते, आणि तेच मला नको होतं. दुसरं असं, की लेख नाकारला की दोन हजार बुडाले, हे गणित एकदा संपादकाच्या डोक्यात शिरलं की ते आपोआप काम करायला लागतं. मी स्वतःलाही त्यातून वगळत नाही.

सरांनी (आमचे ज्येष्ठ संपादक) ब्राझीलचा दाखला दिला. तिथे 'सायेलो' १९९७ मध्ये दहा नियतकालिकांवर सुरू झालं, पैसा साओ पावलो राज्याच्या संशोधन निधीचा. त्या राज्याच्या घटनेतच करउत्पन्नाचा एक टक्का या निधीला द्यायचं बंधन आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधली नियतकालिकं अशी एकाच मांडवाखाली आली. लेखकाकडून आणि वाचकाकडून पैसे न घेणाऱ्या या पद्धतीला 'डायमंड' म्हणतात. २०२१ च्या एका पाहणीत अशा नियतकालिकांची संख्या १७ ते २९ हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज होता. म्हणजे आपण काही वेडे एकटेच नाही.

"आपल्याकडे एक टक्का कोण देणार?" खजिनदार. सर हसले. साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नियतकालिकांना अनुदान असतं, त्याचा अर्ज करायचं ठरलं. मी करतो. पण अनुदानावर घर बांधायचं नाही, एवढं खजिनदारांनी कार्यवृत्तात लिहून घेतलं. आलं तर फॉन्टाच्या कामाला वापरायचं, ताईंच्या मानधनाला नाही.

लेखकाकडून शुल्क: नामंजूर. चार विरुद्ध दोन.

२९ मार्च

मुंबईला गेलो होतो, परळमध्ये एका डॉक्टर मित्राकडे. त्याने घरचाच दाखला दिला, मी विसरलोच होतो. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'. ते आणि त्याच्याबरोबर इतर अनेक वैद्यकीय संस्थांची नियतकालिकं मुंबईच्या मेडनोने नेटवर खुली केली. डॉ. डी. के. साहू यांची ही कंपनी, १९९७ ची. तेव्हा लेखकाला शुल्क नव्हतं, वाचकाला नेटवर फुकट, छापील अंक मात्र विकत. नेटवर ठेवल्याने छापील वर्गणी घटली नाही, असा त्यांचा अनुभव.

परत आल्यावर खजिनदारांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता कुठे आहे ही कंपनी?" २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवरने घेतली, मी म्हटलं. "म्हणजे चाललं म्हणून विकलं गेलं." हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घोळवतोय.

१७ एप्रिल

जुन्या लेखांचे हक्क. मला वाटत होतं, आमच्या अंकात छापलं म्हणजे आमचं. वकीलसाहेबांनी कॉपीराइट कायदा, १९५७ उघडून कलम १९ दाखवलं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं. आमच्या आधीच्या संपादकांनी कधीच काही लिहून घेतलं नव्हतं, त्या काळी पोस्टकार्डावर 'लेख स्वीकारला आहे' एवढंच यायचं. म्हणजे लेखांचे मालक लेखकच. आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. आमचा पहिला अंक १९७९ चा, म्हणजे जवळजवळ सगळं हक्कातच.

म्हणून पत्रं. हयात लेखकांना आणि वारसांना, सोबत उत्तराचं छापील कार्ड. आजवर ४११ पाठवली. २३६ होकार, ४ नकार, बाकी गप्प. गप्प राहिलेल्यांचे लेख चढवायचे नाहीत. साताऱ्याहून एका बाईंचं उत्तर आलं, की वडिलांनी असं काही लिहिलं होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, एक प्रत मिळेल का. मिळेल म्हणजे काय, बाई.

परवान्यावर मात्र जोरदार वाद. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय' म्हणजे श्रेय देऊन कोणीही काहीही करावं, विकावंसुद्धा. जागतिक शिरस्ता तोच. पण आमच्या दोन लेखकांना धास्ती गाईडवाल्यांची. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात आपलं प्रकरणच्या प्रकरण उचललेलं एकाने बघितलंय, तेही श्रेय न देता. मी म्हटलं, जो आज परवाना नसताना चोरतो तो उद्या परवाना वाचणार आहे का? पटलं नाही. शेवटी व्यापारी वापर वगळणारा 'बाय-एनसी'. बदलाला मनाई करणारा परवाना मात्र मी येऊ दिला नाही, त्याने भाषांतरही अडतं. आमचे लेख कन्नडमध्ये गेले तर मला हवेच आहेत.

१२ मे

डीओआय. लेखाला कायमचा क्रमांक, पत्ता बदलला तरी दुवा तुटत नाही. रमीच्या प्रकरणानंतर हा खर्च कोणी अडवला नाही, पण आकडा ऐकून चहा थांबला. हे क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेचं सभासदत्व २०२५ च्या दराने वर्षाला २७५ डॉलर, वर प्रत्येक नव्या लेखाला एक डॉलर, जुन्याला १५ सेंट. नव्या लेखांसकट वर्षाला सत्तावीस हजारांच्या आसपास. यंदा सगळ्यात खालची पायरी हीच, आणि त्या पायरीवर दहा लाख डॉलर उत्पन्नापर्यंतचे प्रकाशक आमच्याच शेजारी उभे. गरीब देशांना माफी आहे, त्यात नेपाळ आणि बांगलादेश बसतात, भारत बसत नाही. खजिनदार म्हणाले, "देश श्रीमंत झाला, ट्रस्टला कळवायचं राहिलं."

घेतलं.

३ जून

पहिला खुला अंक चढला. सकाळी दहाला. अकरा वाजता एका वाचकाचा फोन, पान ४७ वर 'सामाजीक' असं छापलंय. म्हणजे वाचतायत.

८ जुलै

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतल्या 'ॲन्युअल रिव्ह्यूज' या ना-नफा प्रकाशकाने एक पद्धत काढली. ग्रंथालयांना सांगायचं, नेहमीसारखी वर्गणी भरत राहा, पुरेशी जमली तर यंदाचा खंड साऱ्या जगाला खुला, नाही जमली तर पुन्हा कुलूप. २०२३ मध्ये त्यांनी आपली सगळी नियतकालिकं या पद्धतीवर आणली. आपल्याकडे गणपतीची वर्गणी याहून वेगळी काय असते? मंडप सगळ्यांचा, पावती देणाऱ्याची. फरक एवढाच, की कुलपाची धमकी आम्ही घातली नाही. ती आमच्या तोंडी शोभली नसती.

वर्गणीदारांना पत्र. सरांनी लिहिलं, मी तिसऱ्यांदा छोटं केलं:

"अंक यापुढे नेटवर सर्वांना विनामूल्य वाचता येईल. आपण वर्गणी भरली नाही तरी येईल. तरीही आम्ही आपल्याकडे वर्गणी मागत आहोत. कृपया सोबतच्या कार्डावर खूण करावी: (१) छापील अंक हवा, वर्गणी भरतो; (२) छापील नको, वर्गणी भरतो; (३) छापील नको, वर्गणीही नाही. तिसऱ्या खुणेने आम्हाला वाईट वाटणार नाही."

शेवटचं वाक्य खोटं आहे, असं खजिनदारांचं मत. तरी ठेवलं.

११ ऑगस्ट

कार्डं येतायत. आजीव वर्गणीदारांची ७१ पत्रं परत आली. पोस्टमनच्या निळ्या पेनाने कोणावर 'पत्ता सोडून गेले', कोणावर 'घर पाडले', बऱ्याच पत्रांवर नुसतंच 'मयत'. यातल्या काहींना आम्ही वर्षानुवर्षं अंक पाठवत होतो, तो परत येत नव्हता. कोण घेत होतं कोण जाणे.

न्यू जर्सीहून एकांची मेल, पाचशे डॉलर देतो. लेखापरीक्षक ताबडतोब म्हणाले, नागरिकत्व कुठलं? अमेरिकेचं. मग ती परदेशी देणगी, मूळ मराठी असलं तरी. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी नसताना घेता येणार नाही. दुबईच्या एका वर्गणीदाराकडे भारतीय पासपोर्ट, स्वतःच्या बचतीतून देतोय, त्याचं चालतं. न्यू जर्सीकरांना कळवलं, छापील अंकाची परदेशी वर्गणी तेवढी भरा, ती मालाची किंमत आहे. त्यांनी भरली. खाली लिहिलं होतं, 'देणगी घेण्यापेक्षा किंमत सांगणारे पहिलेच भेटलात.'

देणगीदारांचा पहिला प्रश्न ठरलेला: ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, आहे का? आहे. पण नव्या करपद्धतीत त्याची वजावट मिळत नाही, हे सांगितलं की फोनवरचा आवाज जरा खाली येतो.

२ सप्टेंबर

ग्रंथालयांनी मात्र डोळे उघडले. एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी स्पष्टच सांगितलं, "अंक नेटवर फुकट आहे, मग बिल कशाचं पास करू? ऑडिटर मलाच विचारणार." त्यांना आमच्याबद्दल प्रेम आहे, पण प्रेमाचं व्हाउचर होत नाही. मी विचारलं, मग काय केलं तर चालेल? ते म्हणाले, "छापील अंक पाठवत राहा. दाखलनोंद वहीत चढवायला काहीतरी हातात पाहिजे. अंक आला, शिक्का मारला, नंबर पडला, बिल निघालं."

हे मी उलटं समजत होतो. मला वाटत होतं, छापील अंक हे ओझं, ते टाकलं की नेटचा अंक तरंगेल. पैसे देणाऱ्याला, विशेषतः सरकारी पैसे देणाऱ्याला, हातात धरता येईल अशी वस्तू लागते. खुल्या अंकाचा शिधा त्या छापील अंकाच्या बिलातून येतोय. कमी प्रती, पण बंद नाहीत.

ताईंनी आज हळूच विचारलं, सगळं नेटवर गेल्यावर माझं काय. मी म्हटलं, ताई, या महिन्यात किती पत्रांना उत्तरं दिलीत? त्यांनी वही दाखवली: १८३.

२७ सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा. उपस्थिती ३१, कोरम अर्धा तास थांबून.

२१३ वार्षिक वर्गणीदारांपैकी ९६ जणांना छापील हवा, ४७ जण छापील न घेता वर्गणी भरणार, १५ जणांनी तिसरी खूण केली, ५५ गप्प. ग्रंथालयं ६४ वरून ४१. ११२ आजीव वर्गणीदारांनी छापील अंकावरचा हक्क आपणहून सोडला. छपाई ६७५ प्रतींवरून ३३० वर, पण प्रत कमी झाली की दर चढतो, त्यामुळे बचत निम्मी नाही.

नवा अंदाजी खर्च ३ लाख २१ हजार. हमीची जमा २ लाख ४९ हजार. तूट ७२ हजार. गेल्या वर्षी ६६ होती.

सभागृहात कोणीतरी म्हणालं, एवढा उपद्व्याप करून खड्डा तेवढाच? तेवढाच. मी म्हटलं, फक्त आधी साडेसहाशे घरी जायचा, आता जूनच्या अंकातला जत्रांवरचा पुढचा लेख एकटाच त्याहून जास्त वेळा उघडला गेलाय. खजिनदार उठले आणि त्यांनी न विचारता पुढची ओळ वाचली: छापील अंक सोडून देणाऱ्या आजीवांपैकी ५८ जणांनी कार्डासोबत पैसेही पाठवलेत, एकूण ६१ हजार. कोणी मागितले नव्हते. त्यांना आम्ही तिसरा पर्याय दिला होता, त्यांनी चौथा केला.

उरले अकरा हजार.

२० ऑक्टोबर

डीओएजेचा अर्ज भरला. खुल्या नियतकालिकांची ही सूची स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ मध्ये ३०० नियतकालिकांनी सुरू झाली. अर्ज फुकट, पण प्रश्न बारीक. २०१६ मध्ये पुन्हा अर्ज न करणारी ३,३०० च्या आसपास नियतकालिकं त्यांनी काढून टाकली होती, त्यामुळे सांभाळून. शुल्क घेत नसाल तर तसं संकेतस्थळावर स्पष्ट लिहा, असा नियम. एका विश्वस्तांना तिथेच 'लेखकाने स्वेच्छेने काही दिल्यास' असं घालायचं होतं. मी घातलं नाही. पदोन्नतीची फाइल हातात असलेल्या माणसाची स्वेच्छा कशी असते, ते फेब्रुवारीत ऐकलंय.

पब्लिक नॉलेज प्रोजेक्टच्या (पीकेपी) जतन-जाळ्यातही नाव नोंदवलं, ओजेएस वापरणाऱ्यांना फुकट. प्रती निरनिराळ्या ठिकाणी राहतात. आम्ही बुडालो तरी अंक बुडणार नाही.

१४ नोव्हेंबर

डिसेंबरचा अंक लावायला घेतला. पैशाची ओढ असली की सप्टेंबर-डिसेंबर जोडअंक काढायची आमची जुनी चाल, गेल्या दहा वर्षांत चारदा. यंदा वेगळे अंक.

लेखापरीक्षकांनी नवा मुद्दा काढला. छापील अंक न घेता जे ४७ जण पैसे भरतात, ते वर्गणी भरतात की देणगी देतात? वस्तू दिली नाही, म्हणजे वर्गणी नाही. देणगी म्हटलं तर पॅन क्रमांक, देणगीदारांचं विवरणपत्र, प्रमाणपत्र, सगळी वेगळी वही. एका वर्गणीदाराला फोन करून विचारलं. ते जरा रागावलेच. "देणगी कसली? मी वर्गणीदार आहे, चाळीस वर्षं."

आजही टपालात सहा चेक आहेत. पावतीपुस्तकावर 'वर्गणीपोटी' असं छापलेलं आहे आणि पुस्तकात अकरा पावत्या शिल्लक. नव्या पुस्तकावर काय छापायचं ते ठरेपर्यंत थांबू या, मी म्हटलं. खजिनदारांनी पेन उघडलं. "आहेत त्या अकरा तर फाडू," ते म्हणाले, आणि पहिलं नाव लिहायला घेतलं.